चिकनची कोशिंबीर

"हाड आहे का त्यात?"

वहिनीनं विचारलं आणि माझ्या हातातलं पातेलंच डुगडुगलं. प्रश्नाचं काही नाही हो. ती कुठं उभी होती ते बघून डुगडुगलं. रविवारची भर दुपार, आणि वहिनी चक्क परड्याच्या उंबऱ्यावर! कडेवर ओजस, नाकावर ओढणी, डोळे तेवढे उघडे.

हे केवढं मोठं होतं ते आधी सांगायलाच पाहिजे. आमच्याकडे रविवारचं चिकन पप्पा करतात. आठवडाभर साखर कारखान्यात राबणारा माणूस रविवारी सकाळी टॉवेल कमरेला गुंडाळला की एकदम आचारी होतो. पूर्वी हा सगळा धुमाकूळ स्वयंपाकघरातच चालायचा. मग दादाचं वहिनीशी जमलं. वहिनी गडहिंग्लजच्या लिंगायत घरातली, अंड्याचं टरफलसुद्धा कधी हातात न धरलेली. लग्न ठरवताना पप्पांनी तिच्या वडिलांना शब्द दिला, "तुमच्या लेकीला वाससुद्धा येणार न्हाई." आणि तो शब्द पाळायला मागच्या परड्यात, हौदाच्या बाजूला, विटांची दोन तोंडांची चूल मांडली. भांडी वेगळी, सुरी वेगळी, घासणी वेगळी. रविवारी परड्याचं दार ओढून घ्यायचं. अलीकडे वहिनी आणि तिची पिठलं-भाकरी, पलीकडे आम्ही. त्या उंबऱ्याच्या पलीकडे रविवारी तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि कुणी टाक म्हटलंही नव्हतं.

"असणारच की," मी म्हटलं. "पप्पांनी अख्खी कोंबडी तोडून आणलीया."

"मग ओजसला कसं द्यायचं?"

ओजस आठ महिन्यांचा होता. पप्पा त्याला 'पैलवान' म्हणायचे, पण पैलवान दिसायला कागदासारखा पांढरा पडला होता. अंडं चाटवून बघितलं तर अंगभर पुरळ उठलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ते फारच कमी निघालं. औषध दिलं आणि वर म्हणाल्या, "नुसत्या औषधावर बसू नका. चिकन द्या. चांगलं शिजवून, बारीक करून, ओलसर करून. मीठ नको, साखर नको, मध तर अजिबात नको. मऊ गाजर घाला, घरच्या दह्यात कालवा, सॅलडसारखं. पुढच्या वेळी रक्त वाढलेलं दिसलं नाही, तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल."

दवाखान्यात मी वहिनीबरोबर होते. आम्ही दोघींनी जोरजोरात माना डोलावल्या, आणि रिक्षात बसल्यावर एकमेकींकडं बघितलं. दादा फौजेत, त्याची पोस्टिंग आसामात. आई बेळगावला, मावशीच्या ऑपरेशनसाठी. वहिनीला चिकन माहीत नाही आणि मला सॅलड.

त्यात शेजारच्या पारूकाकू दारात येऊन बोलून गेल्या होत्या, "आईच गवत खाणारी, पोराच्या अंगात रक्त कुठनं येणार?" वहिनी हसली होती. पण रात्री तिच्या खोलीतनं मुसमुसण्याचा आवाज मी ऐकला होता.

आणि आणखी एक घोळ आधीच्या रविवारी होऊन बसला होता. पप्पांनी लाडानं तांबड्या रश्श्यात करंगळी बुडवून ओजसच्या जिभेला लावली. "सवय लागू दे!" पोरगं असं किंचाळलं की चौकातली माणसं बघायला आली. तेव्हापासून चमचा दिसला की ओजस तोंड गच्च मिटायचा. वरणाचं पाणी नाही, भाताची पेज नाही. वहिनी तास तास वाटी घेऊन बसायची आणि तो तिच्याकडं बघत ओठ आवळून धरायचा.

"रेवती," वहिनी ओढणीतनंच म्हणाली, "तू सांग काय करायचं. मी करते."

तू सांग! मला! आता, माझं तेव्हाचं प्रकरण असं होतं की मी आठवीत होते आणि माझ्या तोंडातून आवाजच यायचा नाही. हजेरीला मी 'हजर' म्हणायचे ते फक्त माझ्या पुढच्या बाकावरच्या पोरीला ऐकू यायचं. बाईंनी तर मी समोर बसलेली असताना गैरहजर मांडलं होतं. घरीही तेच. पप्पांचा आवाज मोठा, दादाचा मोठा, आईचा सगळ्यात मोठा. माझी पाळीच यायची नाही, आणि मलाही त्याचं काही वाटायचं नाही. अशा मुलीला एक मोठी बाई विचारत होती, काय करायचं ते सांग.

"पप्पा कुठायत?" मी आधी ते विचारलं.

"कोथिंबीर विसरली म्हणून गेलेत."

म्हणजे वेळ होता. पप्पा मसाला घालायच्या आधी थोडं चिकन बाजूला काढतात. त्याला आम्ही 'अळणी' म्हणतो, लहानपणी मी तेच खायचे. नाव अळणी, पण पप्पा त्यात मीठ चांगलं मूठभर टाकतात. आज त्यांचा रस्सा चुलीवर चढला होता, पण बाजूला काढलेल्या तुकड्यांत मीठ अजून पडलं नव्हतं; ते पडायच्या आत आपला वाटा काढायला पाहिजे होता.

"मी छातीचे तुकडे काढून घेतो," मी म्हटलं. (आमच्या कोल्हापूरकडं पोरीपण 'मी घेतो, मी येतो'च म्हणतात. इथं लिहिताना सुधारून लिहितेय, तोंडातलं मात्र राहू दे.) "ते मऊ असतात. वेगळ्या पातेल्यात साध्या पाण्यात शिजवतो. तुम्ही तिकडं गाजर शिजवा. एकदम मऊ. बोटानं दाबलं की लोणी झालं पाहिजे."

"दही आजच लावलेलं आहे. गोड आहे."

"मग झालं की!"

वहिनी गेली. मी हात धुतले, तुकडे वेगळे काढले, परत हात धुतले, सुरी धुतली, आणि चुलीत लाकूड सारलं. पातेल्याला उकळी फुटली, वर फेस आला, तो काढून टाकला. झाकण ठेवलं. अधूनमधून सुरीचं टोक घालून बघत होते. आत गुलाबी काही राहता कामा नये, हे आईचं मला माहीत होतं. रस पांढरा स्वच्छ यायला लागला तरी मी आणखी शिजू दिलं. मग तुकडे ताटात काढले, निवायला ठेवले, आणि बोटांनी धागा धागा सोडवायला बसले. मोठी हाडं सुटून आली, ती बाजूला फेकली. कातडी काढली. टोकाला मऊ, कुरकुरीत हाडं असतात, तीही काढली. मग राहिलेलं सुरीनं इतकं बारीक केलं की ताटात नुसता भुगा. वर पातेल्यातलं पाणी शिंपडलं, कोरडं घशात बसेल म्हणून.

आणि वहिनी परत आली. एका हातात गाजराची वाटी, एका हातात दही, कडेवर पोरगं. आणि परत तोच प्रश्न.

"हाड आहे का त्यात?"

"आता न्हाई. सगळं बघून काढलंय."

ती उंबऱ्यावरनं ताटाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल की तूच कालव, तूच भरव, मी आत जाते. म्हटलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. मी ताटात गाजराचा लगदा घातला, दही घातलं, चमच्यानं कालवलं. पांढऱ्यात केशरी.

वहिनीच्या भुवया वर गेल्या.

"अय्यो," ती म्हणाली. "ही तर कोशिंबीर!"

"काय?"

"कोशिंबीरच की गं. गाजराची कोशिंबीर मी लग्नाच्या पंगतीला परातभर केलीय. त्यात आणखी एक वस्तू पडली, एवढंच."

आणि ती उंबरा ओलांडून आली. धड विचार करून आली असं वाटलंच नाही. जणू आत दूध उतू चाललंय अशी आली. चुलीजवळ पाटावर बसली, ओजसला माझ्या मांडीत दिला आणि ताट पुढ्यात ओढलं. मग थांबली. एका हातानं ओढणी नाकावर धरली होती आणि काम दोन हातांचं होतं. तिनं डोळे मिटून एक श्वास घेतला. ओढणी खाली सोडली.

"वहिनी, मी बघितलंय सगळं..."

"बघितलंयस गं. पण निवडलं नाहीस."

तिनं बोटं ताटात घातली. वहिनीला तांदूळ निवडताना मी रोज बघायचे. पाखडून झाल्यावर ती मूठ मूठ पुढं ओढते आणि बघत नाही, नुसतं अंगठा आणि बोटांतनं सोडते. टीव्हीकडं तोंड असतं, तरी खडा सापडतो. तसंच चाललं होतं. चिमूटभर पुढं, अंगठ्यानं दाबून, पलीकडं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, वरच्या ओठावर घाम आला होता, पण बोटं थांबत नव्हती. चिमूट पुढं, दाबून, पलीकडं. अर्धं ताट झालं. मांडीतला ओजस माझी वेणी चावत होता. मी मनात म्हणत होते, काही सापडणार नाही, मी नीट केलंय.

तिची बोटं थांबली.

तिनं काहीतरी चिमटीत धरून ताटाच्या काठाला टेकवलं. टिच् असा आवाज आला.

हाडाची कपची होती. कोयत्यानं कोंबडी तोडली की उडते तसली. तांदळाच्या कणीएवढी, एका बाजूनं सुईसारखी. दह्यात पांढऱ्यावर पांढरी. मी हजार वेळा बघितलं असतं तरी दिसली नसती.

मी ओजसला घट्ट धरलं. वहिनी ओरडेल असं वाटलं. तिनं ती कपची माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "तू एवढं बारीक केलंस म्हणून सापडली. मोठ्या तुकड्यात असती तर माझ्या हाताला लागली नसती." आणि परत निवडायला लागली.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

"काय बेत चाललाय गं?" पप्पा कोथिंबिरीची जुडी हलवत परड्यात आले आणि जागच्या जागी थिजले. त्यांच्या चुलीजवळ सून बसलेली! हात दह्यात. घाईघाईनं त्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं, जणू तेच चुकीच्या घरात शिरले होते.

"अगं... विद्या... तू हिकडं? वास येतोय न्हवं? थांब, मी झाकण घालतो. रेवे, पाणी मार की चुलीवर!"

"असू दे मामंजी," वहिनी मान वर न करता म्हणाली. "ओजसचं जेवण चाललंय."

पप्पांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच उत्साह उतू गेला. "मग मला सांगायचं की! हे पांढरं फटक कशाला? पोरगं काय आजारी म्हातारं हाय? थांब." त्यांनी मोठ्या भांड्यात पळी घातली, तंगडी काढली, दोनदा पाण्यात बुचकळली. "ही घे. धर पैलवान. चोखायला लागला की बघ कसं लाल हुतंय. मी असाच वाढलोय, दादा असाच वाढला, ही रेवी अशीच वाढली. आमच्या घरात हाड कुणाच्या घशात गेलं न्हाई."

तंगडी ओजसच्या तोंडाजवळ आली. ओजसनं ओठ आवळले, नाक आक्रसलं, आता रडणार. वहिनीचे हात ताटात, ती काही बोलायला गेली आणि तिचा आवाज अडकला. सासऱ्यांना कधीच उलटून न बोललेली बाई. तिनं माझ्याकडं बघितलं.

"नको, पप्पा."

हे कोण बोललं ते मलाच कळलं नाही. हजेरीचा आवाज नव्हता तो. चुलीपलीकडं ऐकू गेला, हौदापलीकडं ऐकू गेला, बहुतेक पारूकाकूंनापण ऐकू गेला.

पप्पांचा हात हवेत थांबला. "काय?"

"नको म्हटलं. मागच्या रविवारी तुम्ही रस्सा लावला तेव्हापासनं त्यानं तोंड उघडलेलं न्हाई. वहिनी रडत्यात. आणि हे बघा." मी तळहात पुढं केला. "हे तुम्हीच आणलेल्या चिकनमधलं हाय. मी सगळं हाड काढलं म्हणून सांगत होतो. वहिनींच्या बोटाला लागलं."

पप्पा वाकले. लांबचं बघायला त्यांना चष्मा लागत नाही, जवळचं काही दिसत नाही. त्यांनी खिशातला चष्मा काढून नाकावर चढवला आणि माझा तळहात स्वतःच्या हातात घेतला. बराच वेळ त्या कपचीकडं बघत राहिले. मग तिला बोटाचं टोक लावून बघितलं. चटकन बोट मागं घेतलं.

मी वाट बघत होते. आता आवाज चढणार.

त्यांनी तंगडी परत भांड्यात टाकली. टॉवेलला हात पुसले, मग काय आठवलं काय की, हौदावर जाऊन साबणानं धुऊन आले. आणि वहिनीच्या समोर, जमिनीवर, मांडी घालून बसले.

"सरकव हिकडं जरा ते ताट," ते म्हणाले. "तुझं झालं की मी बघतो परत एकदा."

आणि बघितलं की! आमचे पप्पा, कारखान्यात ज्यांच्या हाकेनं ट्रॅक्टरवाले दचकतात, ते नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि जाडजूड बोटं घेऊन कण कण दाबत होते. वहिनी त्यांना दाखवत होती, "असं नाही मामंजी. अंगठ्यानं. हां, असं." मागं चुलीवर त्यांचा रस्सा खाली लागायला आला तरी त्यांनी मान वळवली नाही. काही सापडलं नाही, तरी ताट संपेपर्यंत उठले नाहीत.

मग खरी परीक्षा. ओजसला मी मांडीत ताठ बसवलं. वहिनीनं हात धुऊन ताटातलं वाटीत काढलं आणि चमच्याच्या टोकावर एवढंसं घेतलं. ओजसनं चमचा बघितला आणि तोंड मिटलं. कुलूप! वहिनीनं 'आऽ' केलं. पप्पांनी 'आऽ' केलं. मी 'आऽ' केलं. तिघंही तोंड उघडून बसलो होतो आणि ज्यानं उघडायचं तो आळीपाळीनं आमच्या दाढा बघत होता.

वहिनीचा चमच्याचा हात हळूहळू खाली आला. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं. पप्पा घसा खाकरून म्हणाले, "चुकलंच माझं त्या रविवारी." एवढंच, आणि दुसरीकडं बघायला लागले.

मी ओजसकडं बघत होते. तो चमच्याकडं बघतच नव्हता. वहिनीच्या तोंडाकडं बघत होता. रोज वाटी घेऊन बसली की तो हेच करायचा. आणि ती रोज त्याला भरवायची, स्वतः उपाशी.

"वहिनी, तुम्ही खावा की त्याच्यासमोर."

पप्पा दचकले. "रेवे! काय बोलायलीस? ती कसं खाईल?"

"त्यातलं न्हाई पप्पा. थोडं गाजर उरलंय न्हवं?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मग पळतच आत गेली आणि दुसरी वाटी घेऊन आली. उरलेलं गाजर, दही, तिचं. तशीच दिसणारी. ओजसच्या समोर बसून तिनं आपल्या वाटीतला चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, "अंऽऽ" म्हणाली. परत एक चमचा. ओजसचे ओठ हलले. तिसऱ्या चमच्याला त्याचं तोंड तिच्याबरोबर आपोआप उघडलं, आणि तिनं त्याच्या वाटीतला घास अलगद आत ठेवला.

त्यानं जीभ फिरवली. थोडं बाहेर आलं. थोडं आत गेलं. सगळं परडं श्वास धरून होतं. मग त्यानं गिळलं आणि चमच्याला हात घातला.

"पैलवाऽऽन!" पप्पा गरजले.

"ओरडू नका, ठसका लागेल!"

पप्पांनी झटकन तोंडावर हात ठेवला. मग हाताच्या आतनं, अगदी कुजबुजत, "पैलवान."

वाटी संपली. पप्पांनी तळाचं बोटानं चाटून बघितलं, तोंड वाकडं केलं, "ह्यात मीठ न्हाई व्हय गं?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की ओजसपण हसायला लागला, दह्याच्या मिशा घेऊन.

नंतर वहिनी हौदावर हात धूत होती. साबण लावला, धुतला, बोटं नाकाजवळ नेली. परत लावला.

"लिंबू आणून देतो," मी म्हटलं. "वास लगेच जातोय."

तिनं बोटांचा वास परत घेतला. या वेळी हात मागं घेतला नाही.

"आज असू दे," ती म्हणाली.

पुढच्या तपासणीत ओजसचं रक्त वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिलंत?" वहिनी म्हणाली, "कोशिंबीर." वहिनी आजही चिकन खात नाही आणि रविवारी तिची भाकरी वेगळीच असते. पण परड्याचं दार आता ओढून घेत नाहीत. निवडायला ती लागतेच.

हे सगळं आज लिहायला कारण आहे. मी आता अकरावीत आहे. हजेरीला माझा आवाज शेजारच्या वर्गात जातो, बाईच म्हणतात, "रेवती, जरा हळू." तर गेल्या आठवड्यात अंगणवाडीच्या ताईंनी मला समाजमंदिरात बोलावलं, लहान बाळांच्या आयांसमोर ही कोशिंबीर करून दाखवायला. मी फुल तयारीत गेले. चिकन शिजवून नेलं, गाजर, दही, ताट. समोर सतरंजीवर बायकाच बायका, मांडीवर पोरं, आणि पहिल्या रांगेत पारूकाकू नातवाला घेऊन. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि आवाज गेला. जुनी आठवीतली रेवती कुठनं आली कोण जाणे, बसली घशात. सगळ्या बघायला लागल्या. कुणीतरी खुदकन हसलं.

तेवढ्यात अगदी शेवटच्या रांगेतनं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका बाईनं हात वर केला. कडेला चार वर्षांचा गुटगुटीत पोरगा, आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, नाकावर ओढणी.

"ताई," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हाड आहे का त्यात?"

माझा घसा मोकळा झाला.

"मला वाटतंय न्हाई," मी म्हटलं आणि ताट पुढं सरकवलं. "पण तुम्ही या. माझ्या शेजारी बसा, आणि सगळ्यांना निवडून दाखवा."